बिनचूकबाईंची दुरुस्ती

पडदा वर जातो तेव्हा समोर एक टेबल आहे आणि त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या. एकीची बैठक बसून बसून खोलगट झालेली, दुसरीवर गठ्ठे रचलेले. मागे भिंतभर कपाटं, दारं सताड उघडी, फळ्या निम्म्या रिकाम्या. डावीकडे खिडकी, तिच्याखाली वह्या-पेनांचं दुकान, त्यामुळे वर सतत कुणाचं तरी सुट्ट्या पैशांवरून चाललेलं बोलणं ऐकू येतं. जमिनीवर खोकी, सुतळीचं भेंडोळं, धुळीचा एक पट्टा. आणि या सगळ्याच्या मधोमध सासष्ट वर्षांच्या एक बाई, चष्मा कपाळावर चढवून, सुतळीला गाठ मारता मारता मध्येच थांबलेल्या. वेळ सकाळी अकराची. पण बाईंच्या खांद्यांकडे पाहिलं तर कुणालाही वाटेल, नाटकाचा तिसरा अंक संपत आला आहे.

या बाईंना सगळे बिनचूकबाई म्हणत. हे नाव छापखान्यातल्या लोकांनी ठेवलं होतं, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. एका संशोधन त्रैमासिकाची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीचे कच्चे कागद, त्यांनी तेहतीस वर्षं तपासली. पाणी, माती, साथीचे रोग, पिकांवरची कीड अशा विषयांवर विद्वान लोक लेख पाठवत, संपादक ते निवडत, छापखान्यात ते जुळवले जात, आणि छापण्याआधी एकेक अक्षर बाईंच्या डोळ्यांखालून जाई. नाटकात विंगेत उभा राहून विसरलेलं वाक्य पुरवणारा एक माणूस असतो. प्रयोग त्याच्या जिवावर चालतो आणि जाहिरातीत त्याचं नाव कधी येत नाही. बाईंचं तसंच होतं. तेहतीस वर्षांत एकशे बत्तीस अंक निघाले, पण एकातही त्यांचं नाव नव्हतं. त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. चूक सापडली नाही की वाचणाऱ्याला तपासणारा आठवत नाही, आणि त्याने आठवू नये हेच तर आपलं काम, असं त्या म्हणत.

त्या दोन खुर्च्यांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मुद्रित एकट्याने तपासायचं नाही, असा त्या त्रैमासिकाचा रिवाज होता. एका खुर्चीवर बाई, हातात लाल शाईचं पेन आणि पुढ्यात मुद्रित. दुसऱ्या खुर्चीवर छापखान्याचा फोरमन, पुढ्यात लेखकाचं मूळ हस्तलिखित. फोरमनने मोठ्याने वाचायचं, बाईंनी मुद्रितावर बोट धरून पुढे सरकायचं. आणि वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं. स्वल्पविराम आला की ‘स्वल्प’, कंस आला की ‘कंस उघडा’, ‘कंस मिटा’, आकडा आला की सुटा सुटा, दशांशचिन्हासकट. फोरमनचा आवाज असा भरदार की दुकानातली गिऱ्हाइकं वर बघत. टोळधाडीवरचा रुक्ष लेखसुद्धा तो असा वाचायचा, की टोळ आता खिडकीतून आत येतील. बाई मान वर न करता म्हणायच्या, ‘फोरमन, रडू नका, अजून तक्ता क्रमांक चार यायचाय.’ शेवटचं पान झालं की बाई त्यावर लाल शाईने एकच शब्द लिहीत: छापावे.

हे सगळं आता संपलं होतं. एका दिवसात नाही, दाताच्या किडीसारखं हळूहळू. आधी अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे गेले आणि संगणक आला. मग ग्रंथालयांनी एकेक करून वर्गणी थांबवली. कधी काळी पाचशे प्रती जात. पुढे तीनशे, मग नव्वद. पोस्टातून परत आलेल्या प्रतींनी जिन्याखालची जागा भरली. मग नवे लेखक म्हणू लागले की, कपाटात बंद राहणाऱ्या अंकात लेख देऊन आम्हाला काय मिळणार, आमचा लेख जगाला वाचता आला पाहिजे. काही त्रैमासिकं वाचणाऱ्याऐवजी लिहिणाऱ्याकडून पैसे घेऊ लागली. काही तर पैसे भरले की काहीही छापू लागली, वाचून न बघता. शेवटी बाईंच्या संस्थेनेही ठरवलं: कागद बंद. त्रैमासिक यापुढे संकेतस्थळावर, कुणालाही, कुठूनही, फुकट. शिवाय जुने सगळे अंकही तिथेच खुले करायचे.

बाईंना हे मनातून पटलं होतं. जे ज्ञान लोकांच्या उपयोगाचं, ते कुलपात कशाला? फक्त नव्या व्यवस्थेत समोरासमोरच्या खुर्च्या नव्हत्या. लेखकाने स्वतःच लेख चढवायचा, यंत्राने तपासायचा. खोली महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. म्हणून बाई गाठी मारत होत्या.

गाठ मारता मारता त्या थांबल्या, कारण दारात संगणकवाला येऊन उभा राहिला. हा चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, संकेतस्थळ सांभाळणारा, स्वभावाने गरीब. बाईंना तो काकू म्हणे. त्याच्या हातात एक कागद होता. तो म्हणाला की जुन्या अंकातल्या एका लेखाबद्दल कुणाची तरी मेल आलीय, त्याला काही कळत नाही, बाईंना कळेल.

पत्र दूरच्या कुठल्याशा गावातल्या पाणीपुरवठ्यावरच्या माणसाचं होतं. साधं, अदबीचं. त्याने लिहिलं होतं की आमच्या गावात ग्रंथालय नाही, तुमचं त्रैमासिक असतं हेही आम्हाला माहीत नव्हतं. आता फोनवर वाचायला मिळालं, आभारी आहे. तुमच्या तक्त्यात विहिरीच्या पाण्यात हजार लिटरमागे जंतुनाशक पूड पाव ग्रॅम घालावी असं दिलं आहे. आम्ही आजवर त्याच्या दहापट घालत आलो. तुम्ही विद्वान माणसं, तेव्हा आमचंच चुकत असणार. पुढच्या आठवड्यापासून कमी करावी म्हणतो, पण एकदा विचारून घ्यावं असं वाटलं.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि उभ्याउभ्याच परत वाचलं. मग खोलगट खुर्चीवर बसल्या.

‘अडीच,’ त्या म्हणाल्या. ‘पाव नाही. अडीच. आधी त्याला कळव. आत्ता. इथेच बसून लिही.’

त्याने तिथेच फोनवर उत्तर लिहिलं, बाईंनी ते दोनदा वाचायला लावलं आणि मग पाठवू दिलं. अर्ध्या तासात त्या माणसाचं उलट उत्तर आलं, काही कमी केलं नव्हतं, आभार. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. संगणकवाल्याने सहज सांगितलं की हा लेख खुला झाल्यापासून तीनशे बारा वेळा उघडला गेलाय.

‘कोणी उघडला?’

‘ते नाही कळत, काकू. आकडा कळतो.’

‘पत्ते?’

‘पत्ते कसले? खुलं आहे ना. कुणीही येतं, वाचतं, जातं.’

ही चूक बाईंच्या ओळखीची होती. तीस वर्षांची ओळख. अंक निघाल्यावर आठ दिवसांनी लेखकाने स्वतः येऊन ती दाखवली होती. तेव्हा दुरुस्तीच्या पाचशे चिठ्ठ्या छापल्या. बाई आणि फोरमन, मध्ये खळीचं भांडं घेऊन, दोन दिवस त्या तक्त्याखाली चिकटवत बसले. जे अंक पोस्टात गेले होते त्यांच्या पत्त्यांवर चिठ्ठ्या पाठवल्या. एकूणएक वाचक माहीत होता. कुणाच्या गल्लीत शिरायचं तेसुद्धा. मग चिठ्ठी नसलेला अंक आला कुठून?

त्याचं उत्तरही संगणकवाल्याकडेच निघालं. पानांची छायाचित्रं काढायला कोणता संच द्यायचा असा प्रश्न आला, तेव्हा संस्थेने सगळ्यात स्वच्छ संच निवडला. कुणाचं बोट न लागलेला, रेघ न मारलेला, बांधणीवाल्याकडून आला तसा कपाटात गेलेला. तो संच चिठ्ठ्या छापून व्हायच्या आधीच बांधणीला गेला होता. वाचलेल्या प्रतींवर डाग होते, घड्या होत्या, आणि दुरुस्तीही होती. न वाचलेली प्रत देखणी होती, म्हणून जगासमोर तीच गेली.

दुरुस्ती करायला काय लागेल, असं बाईंनी विचारलं. पान बदलता येणार नाही, असं तो म्हणाला. जे छापलं ते छापलं, त्यात गुपचूप फेरफार केला तर खुल्या संग्रहावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण पानाच्या डोक्यावर दुरुस्तीची सूचना लावता येते. पान उघडलं की आधी तीच दिसेल. त्यासाठी अर्ज भरायचा: चूक काय, बरोबर काय, आणि चूक कशी झाली. खाली संपादकांची संमती. मूळ चिठ्ठी असली तर तिच्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवला तरी चालेल, दहा मिनिटांचं काम.

चिठ्ठीतला मजकूर बाईंना पाठ होता. ‘मुद्रणदोषामुळे तक्त्यातील आकडा चुकीचा छापला गेला आहे.’ पुढे बरोबर आकडा, दिलगिरी, बस्स.

मुद्रणदोष.

संध्याकाळच्या आत त्या संपादकांच्या घरी पोचल्या. संपादक ब्याऐंशी वर्षांचे, निवृत्त प्राध्यापक, कानाला यंत्र. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अर्जावर सही करायला पेन उघडलंही. जुन्या चिठ्ठीत होतं तेच लिहा, ते म्हणाले, विषय संपवा. बाई म्हणाल्या की तसं लिहिता येणार नाही, कारण तसं झालं नव्हतं.

आणि मग त्यांनी ते सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही बहिऱ्या माणसाला, त्यामुळे मोठ्याने सांगावं लागलं. त्या दिवशी फोरमनचा घसा बसला होता. आला, खुर्चीवर बसला, आणि कागदावर लिहून दाखवलं: आवाज नाही. सहाच पानं उरली होती. बाईंचा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरी सासू आजारी, लवकर निघायचं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही आराम करा, मी नजरेनेच बघते. तक्त्यात वर घागरीचे, पिंपाचे आकडे होते, सगळे शून्य दशांशाने सुरू होणारे. शेवटच्या ओळीत विहिरीला एकदम अडीच. बाईंना तो आकडा रांगेतून बाहेर पडल्यासारखा वाटला. त्यांनी लाल शाईने दशांशचिन्ह उचललं, मागे नेलं, पुढे शून्य लावलं. हस्तलिखित टेबलावर उघडं होतं. मान वळवून बघायची, एवढंच. पण ते वाचून दाखवणारं कुणी नव्हतं, आणि त्यांना खात्री होती. जुळवणाऱ्याने अडीच बरोबर जुळवलं होतं, आणि ते चुकीचं केलं बिनचूकबाईंनी.

चिठ्ठीचा मजकूर ठरवताना याच संपादकांनी फोरमनला बोलावून विचारलं होतं, कुणाकडून झालं? फोरमन म्हणाला, आमच्याकडून. बाई शेजारीच उभ्या होत्या. तोंड उघडायला हवं होतं, पण ते उघडलं नाही. नोकरी गेली असती तर घर चाललं नसतं, हे फोरमनला माहीत होतं आणि त्यांनाही. छापखान्याच्या मालकाने फोरमनला खुर्चीवरून उठवून पुन्हा खिळ्यांच्या पेटीशी उभं केलं. लोक त्याला फोरमनच म्हणत राहिले, पण बाईंच्या समोरच्या खुर्चीवर तो पुन्हा बसला नाही. पुढे दुसरे आले. चांगले होते, पण टोळ काही खिडकीतून आत आले नाहीत.

संपादकांनी पेन मिटवलं. मग कपाटातून एक कागद काढून पुढे ठेवला. महिनाअखेर खुल्या संग्रहाचं औपचारिक उद्घाटन होतं आणि त्यातच बाईंचा निरोप. त्यांनी आठवडाभर खपून भाषण लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, की तेहतीस वर्षांत या बाईंच्या हातून एकही चूक झाली नाही.

‘मग या भाषणाचं काय करू मी?’

‘आणा इकडे, सर. एवढं वाक्य काढते. बाकी बरं आहे.’

ते थोडं हसले, मग गंभीर झाले. म्हणाले की बाई, हे आता कुणी विचारत नाहीये. आकडा दुरुस्त होण्याशी मतलब. तुम्ही आणि मी, दोघंही आता जायला निघालेली माणसं. जाता जाता स्वतःच्या नावाला डाग कशाला? शिवाय जो माणूस इतकी वर्षं गप्प राहिला, त्याला विचारलंत का तुम्ही?

हे शेवटचं मात्र खरं होतं. विचारलं नव्हतं.

फोरमन आता मुलीकडे राहत होता, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई जिना चढून गेल्या. प्रत्येक वळणावर थांबत. दार फोरमनच्या मुलीने उघडलं. आत येऊन बसा म्हणाली, पण त्यांना फार बोलायला लावू नका, मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालंय. तो भरदार आवाज आता चाळणीतून गाळल्यासारखा येत होता.

‘अजून लाल पेन बाळगता का?’ त्याने विचारलं.

‘बाळगते. तुम्ही?’

‘मी आता फक्त गोळ्या बाळगतो.’

बाईंनी पत्राचं सांगितलं, तीनशे बारा जणांचं सांगितलं, अर्जाचं सांगितलं. मग म्हणाल्या, ते मुद्रित शोधायला मी त्याच आठवड्यात छापखान्यात आले होते. लाल खुणांचं. ते मिळालं नाही.

‘मिळणार कसं? शिसं वितळवायच्या भट्टीत टाकलं मी ते,’ फोरमन म्हणाला. एवढं बोलून त्याला धाप लागली. मुलीने पाणी दिलं.

बाई खाली बघून म्हणाल्या की त्यांना तेव्हाच तसं वाटलं होतं. वाटलं होतं आणि बरंही वाटलं होतं. ते बरं वाटणं तीस वर्षं घशात अडकलेलं आहे. आता सूचनेत पुन्हा मुद्रणदोष लिहिलं, तर ते पाचशे प्रतींपुरतं राहणार नाही. जोवर ते पान आहे तोवर, जगातल्या कुणाच्याही फोनवर, दोष छापखान्याचाच राहील. तेव्हा खरं लिहायची परवानगी द्या.

फोरमनने लगेच होकार दिला नाही. त्यालाही त्या खोट्याची सवय झाली होती. हातून घडलेलं ते एक चांगलं काम होतं आणि ते आता त्याच्याकडून काढून घेतलं जात होतं. तो मुलीकडे बघत राहिला. चूक बाईंची होती हे ती आज पहिल्यांदाच ऐकत होती. आपल्या बापाची खुर्ची एका चुकलेल्या आकड्यावरून गेली, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. ती उठून आत गेली आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच येऊ लागला.

थोड्या वेळाने तो आवाज थांबला.

मग फोरमनने उशाखालचं चष्म्याचं घर घेतलं. चष्मा बाजूला ठेवला, आणि त्याच्या तळाशी घडी करून ठेवलेली एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. पाचशेमधली ती नव्हती, तो म्हणाला. मोजून पाचशेच छापायच्या होत्या, ही पाचशेएकावी. यंत्रातून शेवटची आलेली. का ठेवली, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. ‘लिहा तुम्हाला हवं ते,’ तो म्हणाला. ‘पण एकट्याने तपासू नका. परत घोळ घालाल.’

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी खोलीत टेबल आणि दोन खुर्च्या एवढंच उरलं होतं. खोलगट खुर्चीवर बाई. समोर संगणकवाला, मांडीवर त्याचं यंत्र. संपादकांची सही आली होती. अर्जात चूक कोणाची, या प्रश्नाला तीनच पर्याय होते: लेखक, संपादक, प्रकाशक. तपासणारा कुणी असतो हे अर्जाचा नमुना बनवणाऱ्याला माहीत नव्हतं. संगणकवाला म्हणाला की काकू, प्रकाशकवर टिचकी मारू का, जवळचं तेच आहे. बाई म्हणाल्या, खाली तपशिलाचा रिकामा चौकोन आहे ना, त्यात लिही. आणि त्यांनी सांगितलं ते त्याने लिहिलं: आकडा छापखान्याने बरोबर जुळवला होता, मुद्रित तपासणाऱ्या व्यक्तीने मूळ प्रतीशी न ताडता तो बदलला. पुढे बाईंचं नाव, पूर्ण, आडनावासकट. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्या त्रैमासिकात ते आलं. कसं दिसतंय ते बघायला बाई वाकल्या, आणि नावातलीसुद्धा अक्षरं एकदा बोट धरून मोजली.

मग त्यांनी फोन लावून टेबलाच्या मधोमध ठेवला. पलीकडे फोरमन होता, हातात चिठ्ठी. टेबलावर, बाईंकडे वळवलेल्या पडद्यावर सूचना. बाईंनी चष्मा खाली घेतला, पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं. संगणकवाल्याने यंत्र जरा पुढे सरकवलं.

फोरमन वाचू लागला. सगळं. स्वल्प. कंस उघडा. कंस मिटा. आवाज खरखरीत, मध्ये मध्ये तुटणारा, दोन शब्दांमध्ये श्वास. खालच्या दुकानात कुणीतरी सुट्टे मागत होतं. बाईंचं बोट ओळीवरून सरकत होतं. चिठ्ठीत ‘मुद्रणदोषामुळे’ आलं तिथे फोरमन थांबला, आणि बाई म्हणाल्या, ते वगळा, पुढे चला. मग आकडा आला. त्याने तो सुटा सुटा वाचला, पूर्वी वाचायचा तसा: दोन. दशांश. पाच.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग मान वळवून फोनकडे, मग पुन्हा पडद्याकडे. बोट तिथेच ठेवून त्यांनी त्याला आकडा आणखी एकदा वाचायला सांगितला. त्याने वाचला. शेवटचा पूर्णविराम झाला तेव्हा पलीकडे खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ चालली. संगणकवाल्याचं बोट कळीवर होतं. त्याने काकूंकडे बघितलं.

‘बरोबर आहे,’ बाई म्हणाल्या. ‘छापावे. आणि फोरमन, तुम्ही आता फोन ठेवा, घसा बसेल परत.’